'रोटेट' आणि 'रिव्हॉल्व्ह' यांत नेमका फरक काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुलांसाठी लिहिलेला खगोलशास्त्राचा एक इंग्रजी मजकूर मराठीत आणते आहे आणि या दोन शब्दांपाशी दोन दिवस अडून बसले आहे.

शाळेत शिकलेलं पक्कं आठवतंय. स्वतःच्या अक्षाभोवती फिरणं म्हणजे रोटेशन, आपलं परिवलन. दुसऱ्याभोवती फिरणं म्हणजे रिव्होल्यूशन, परिभ्रमण. चंद्राला दोन्हींसाठी सारखेच, सुमारे २७.३ दिवस लागतात, म्हणूनच त्याची एकच बाजू आपल्याकडे असते. इथे शब्दांची अदलाबदल झाली तर पोराच्या डोक्यात सगळंच उलटंपालटं होईल. इथवर शंका नाही.

पण पुढच्याच पानावर पंखा येतो, आणि त्याचा वेग 'रिव्होल्यूशन्स पर मिनिट'मध्ये दिलाय! पंखा तर जागच्या जागी फिरतो. मग हे रोटेशन का नाही? रिव्हॉल्व्हिंग चेअरही स्वतःभोवतीच फिरते. शब्दकोश उघडला तर एकाच्या अर्थात दुसरा दिलेला.

मुळाशी जाऊन पाहिलं. रोटेटच्या मागे चाक या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, तर रिव्हॉल्व्हच्या मागे 'परत वळवणे, मागे गुंडाळणे' असं क्रियापद. यावरून मला असं वाटतं की रिव्होल्यूशनमध्ये फेरा पुरा करून मूळ जागी परत येणं महत्त्वाचं, म्हणून फेरे मोजताना तो शब्द येतो. रोटेट मात्र अर्धंमुर्धंही चालतं. फोटो आपण ९० अंशांनी रोटेट करतो, रिव्हॉल्व्ह कुणी करत नाही. खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसच्या १५४३च्या ग्रंथाच्या नावातही 'रिव्होल्यूशन'चंच लॅटिन रूप आहे, म्हणजे आकाशाशी या शब्दाचं नातं जुनं आहे.

हा तर्क बरोबर आहे का? भौतिकशास्त्र किंवा भाषाशास्त्र शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावं.

दुसरं म्हणजे, पंख्यासाठी 'मिनिटाला इतकी परिभ्रमणं' असं लिहिणं मला साफ चूक वाटतं, 'फेरे' बरं वाटतं. आणि परिवलन-परिभ्रमण ही जोडी कानाला इतकी सारखी आहे की मुलं हमखास गोंधळतात. त्याऐवजी 'पृथ्वी स्वतःभोवती गिरक्या घेत सूर्याला प्रदक्षिणा घालते' असं लिहून पारिभाषिक शब्द नंतर दिले तर चालेल? की आधीपासून तेच शब्द कानावर पडलेले बरे?