जुन्या टर्बो गाडीत सिंथेटिक ऑइल टाकू का? लवकर सांगा

घाटवाला०९: गाडी जुनी, टर्बोची (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आहे. आजवर साधंच ऑइल टाकलं. आता सिंथेटिक टाकायचं म्हणतोय, तर उद्यमनगरातला मिस्त्री म्हणतो, "नको, ऑइल अडवणारी रबरी सील सोडतील, गळायला लागंल." शनिवारी सर्व्हिसिंग, रविवारी फोंडा घाटानं मालवण. टाकू की नको, एवढंच सांगा.

ताराराणी_चौक: गाडी कुठली? पेट्रोल की डिझेल? किती पळालीय?

पन्हाळकर: बिनधास्त टाका दादा. माझ्या गाडीत शोरूमपासून सिंथेटिकच. इंजिनाचा आवाजच बदलतो.

टर्नर_शिरोली: शोरूमपासून टाकणं वेगळं, इतक्या वर्षांनी बदलणं वेगळं. सिंथेटिक ऑइल सील खात नाही. कडक झालेल्या सीलच्या फटीत गाळ बसलेला असतो. नव्या ऑइलमधलं डिटर्जंट तो धुऊन काढतं आणि गळती दिसायला लागते. मिस्त्रीनं बघितलंय ते खरं, कारण तेवढं चुकीचं.

घाटवाला०९: स्विफ्ट डीडीआयएस, डिझेल, २०१०. दीड लाखाच्या पुढं.

पन्हाळकर: मग आधी इंजिन फ्लश मारा, सगळा गाळ निघून जाईल.

टर्नर_शिरोली: अजिबात नको! सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर पहिला टर्बो जातो. त्यापेक्षा मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं सिंथेटिक भरा आणि पहिल्या वेळी ३ हजार किलोमीटरातच फिल्टरसकट बदला. हे १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आहे, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरसुद्धा ऑइलच्या दाबावरच चालतो. म्हणून उशिरा पोचणारं २०डब्ल्यू-५० वगैरे जाड ऑइल कुणी सुचवलं तरी घेऊ नका. आणि धूर येतो का?

रंकाळा_फॅन: वाटेत दाजीपूरजवळ रात्री गवे रस्त्यावर येतात, उजेडात निघा.

घाटवाला०९: पहाटे चालू करताना थोडा निळा येतो, मग जातो. त्याचा ऑइल बदलण्याशी काय संबंध?

टर्नर_शिरोली: अहो, संबंध तिथंच आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. व्हॉल्व्ह सील असतील नाहीतर टर्बो. टर्बोकडून इंजिनाकडं हवा नेणारा पाइप काढून आतून बोट फिरवा. नुसता ओशटपणा चालतो, ऑइलचं थारोळं नको. मग इंजिन गार असताना टर्बोची शाफ्ट (पंख्याचा दांडा) हातानं हलवा. आडवी किंचित हलते, पण पुढं-मागं खेळ लागला किंवा पंखा घासत असला तर ते काम आधी करा. घासलेला टर्बो कुठल्याच ऑइलनं सुधारत नाही.

ताराराणी_चौक: आणि घाट चढून थांबलात की लगेच किल्ली फिरवू नका. शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. तापलेल्या टर्बोत ऑइल थांबलं की तिथंच करपून थर धरतं. सिंथेटिक उशिरा करपतं, टर्बोला खरा फायदा तो. तरी अर्धा-एक मिनिट चालू ठेवाच.

पन्हाळकर: फ्लशनं माझ्या मेव्हण्याच्या गाडीला काही झालं नाही.

टर्नर_शिरोली: त्यांच्या गाडीत आधी कुठलं ऑइल होतं?

घाटवाला०९: उद्या सकाळी पाइप काढतो. क्लिप कुठल्या पान्यानं निघते?

टर्नर_शिरोली: स्क्रूची असली तर चपट्या स्क्रूड्रायव्हरनं. दाबून बसवलेली असली तर नवी क्लिप आधी आणून ठेवा, जुनी परत धरत नाही.