मदत हवी आहे: रात्री डॉक्टरांना नेमकं कसं सांगता?
परळला सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे, दीड वर्ष झालं. परवा नाईटला पोटाच्या ऑपरेशनचे एक काका, बीपी नॉर्मल, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९६, पण मिनिटभर घड्याळ लावून श्वास मोजले तर २६, संध्याकाळी १८ होते, आणि माणूस सारखी चुळबुळ करत होता. आरएमओ (रात्रीचे ड्युटी डॉक्टर) फोनवर म्हणाले सॅच्युरेशन चांगलंय ना, सकाळी बघू. न्यूज-२ मध्ये (पेशंट बिघडतोय का ते मार्कांवरून ओळखायचा चार्ट) श्वास २५ किंवा जास्त म्हणजे एकट्याचेच ३ मार्क, लगेच बघायला हवं, पण आमच्याकडे तो चार्टच नाही (श्वासाचा रकाना सगळ्यांचा २०-२० भरलेला असतो, खोटं कशाला बोलू). दुसऱ्या फोनला आरएमओ आले. सीनियर सिस्टर, एसबीएआर मध्ये (परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज, काय हवंय, या क्रमाने सांगायची पद्धत) दोन वाक्यांत कसं मांडता? आणि तरीही आले नाहीत तर थेट कन्सल्टंटना उठवता का?