मदत हवी आहे: सोलापूरहून बदामी, गुडघेदुखीवाल्या आणि चढणाऱ्या एकत्र

नमस्कार मैत्रिणींनो. आमच्या भजनी मंडळातल्या दहा-बारा जणी डिसेंबरमध्ये विजयपूर, बदामी, पट्टदकल असं जायचं म्हणतोय. वयं पन्नाशीपासून पंचाहत्तरीपर्यंत. दोघी रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारतात, तर एका काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. कुणालाही मागे ठेवायचं नाही, हे मात्र पक्कं ठरलंय.

पट्टदकलची चिंता नाही, मंदिरं सपाट आवारातच आहेत. खरा प्रश्न बदामीच्या चार लेण्यांचा आणि विजयपूरच्या (विजापूरच्या) गोलघुमटाचा. गोलघुमटात घुमणारा आवाज ऐकायचा तर मनोऱ्यातले अरुंद, उंच जिने चढावे लागतात. ते सगळ्यांना जमणार नाही. चढणाऱ्या वर असताना बाकीच्यांनी खाली काय पाहावं? बदामीत अगस्त्य तलावाकाठी भूतनाथ मंदिर आहे, तिथपर्यंत गाडी जाते का? बसायला सावली मिळेल का?

गदगकडे जाणाऱ्या रेल्वेने जावं की इथूनच टेम्पो ट्रॅव्हलर करावी? रेल्वेत पाय मोकळे करता येतात, पण डब्यात चढणं अवघड. गाडीची पायरीही उंचच असते. वेगळं स्टूल ठेवणारा चालक कुणाच्या माहितीत आहे का?

बदामीत तळमजल्यावर खोल्या आणि कमोड असलेलं, बायकांना सुरक्षित वाटेल असं ठिकाणही सुचवा. शेंगा चटणी आणि कडक भाकरी सोबत आहेच, त्यामुळे जेवणाची काळजी नाही. वयस्कर बायकांना घेऊन जाऊन आलेल्यांनी दिवसाचं वेळापत्रक कसं ठेवलं होतं, तेही जरूर लिहा.