बँक कुलमुखत्यारपत्र नाकारते, काय करावं?

प्रश्न: आईने भावाच्या नावे नोटरीसमोर कुलमुखत्यारपत्र (तिच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार) केलंय. आता तिला पक्षाघात झालाय. सही होत नाही, पण समजतं सगळं. शाखा म्हणते, आमच्याच नमुन्यातलं मुखत्यारपत्र आणा. असं नाकारता येतं का?

उत्तर १: येतं. मुखत्यारपत्र दाखवलं की बँकेने ते मानलंच पाहिजे, अशी सक्ती 1882 च्या मुखत्यारपत्र कायद्यात नाही. नोटरीसमोर करून नोटरीने प्रमाणित केलेला दस्त न्यायालय खरा धरून चालतं (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम 84; जुन्या पुरावा कायद्यात कलम 85), पण ते कोर्टात. काउंटरवर त्याने कुणाचे हात बांधले जात नाहीत.

तरी नकाराचं कारण लेखी मागा. घोडं बहुधा मजकुरावर अडतं. 'माझी सर्व कामे पाहावीत' एवढ्यावर भागत नाही, कारण मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोर लावतात. खातं चालवणं, चेकवर सही, मुदत ठेव मोडणं हे नावानिशी हवं. मुद्रांक, नोटरीच्या नोंदवहीचा क्रमांक आणि भावाचं केवायसीही तपासा.

उत्तर २: खरी मेख 'पक्षाघात' या शब्दात आहे. करार कायद्याच्या कलम 201 नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा मन विकल झालं की मुखत्यारी संपते. क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र इंग्लंड-अमेरिकेत असतं, आपल्याकडे नाही. मुखत्यारी संपल्याचं कळेपर्यंत कलम 208 त्रयस्थाला, म्हणजे इथे बँकेला, सांभाळून घेतं, कळल्यावर नाही. तुम्ही आजारपण सांगितलंत, म्हणून शाखा बिचकली.

तेव्हा आई भानावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला घ्या आणि बँकेचाच नमुना भरा. वाद घालत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. सही नको, अंगठा चालतो. हाताचा जमत नसेल तर पायाचाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. त्याला घरी पाठवा असा अर्ज शाखेला द्या.

प्रश्नकर्ती: हेच मुखत्यारपत्र फ्लॅटसाठी चालेल?

उत्तर ३: त्यावर विसंबू नका. आईने केलेला दस्त भावाला नोंदणीसाठी सादर करायचा, तर आई भारतात राहते म्हणून नोटरी पुरत नाही. नोंदणी कायद्याच्या कलम 33 प्रमाणे मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकासमोर करून त्याने प्रमाणित केलेलं लागतं. आजारी व्यक्तीला कचेरीत जायची सक्ती नाही, निबंधक घरी येऊन खात्री करू शकतो. विक्रीचा अधिकार स्वतंत्र कलमात लिहा, फ्लॅटच्या पूर्ण वर्णनासह. आणि लवकर करा. आईचं भान गेलं तर भावाला पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागेल.