गोड हवे, साखर नको : कशात काय चालते?

गोव्यातली चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली. घरात कुणाला तरी डायबेटिस असतोच, आणि पातोळ्या (हळदीच्या पानात उकडलेल्या) आणि मणगणे (चणाडाळीची खीर) हेही होणारच. साखर-गुळाऐवजी काय, किती घालायचे आणि कुठे बिघडते, तेवढे लिहा. 'नैसर्गिक आहे' एवढ्यावर थांबू नका.

फोंडा :
आधी माडाच्या गुळाचे बोलू. त्याच्या काळ्या, पिरॅमिडच्या आकाराच्या ढेपेचा वास न्यारा, पण आत मुख्यतः सुक्रोजच. १०० ग्रॅममागे कॅलरी ३८०च्या आसपास, साखरेत ४००. म्हणजे साखरेला पर्याय नव्हे, वासापुरता घ्या. मणगण्यात पाव किलो गूळ पडत असेल तर ६० ग्रॅम माडाचा घ्यावा, उरलेला गोडवा स्टीव्हियाने (एका झाडाच्या पानांतला, साखर नसलेला गोडवा), चाखत चाखत. चण्याची डाळ पूर्ण शिजल्यावरच गूळ. आधी पडला तर ती कडक राहते. नारळाचा दाट रस शेवटी, मंद आचेवर, उकळी न आणता. नाहीतर फाटतो.

म्हापसा :
पातोळ्यांच्या चुनात (खोबऱ्याच्या सारणात) नुसते एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायची गोड पूड) घातले की चून सुटे राहते, आणि निवल्यावर दाताखाली खडे लागतात. २५ अंशाला १०० मिली पाण्यात साखर सुमारे २०० ग्रॅम विरघळते, एरिथ्रिटॉल त्याहून खूपच कमी. उरलेले खडे होऊन बाहेर येते. वाटीभर खोबऱ्याला बिया काढलेल्या दोन खजुरांचा लगदा आणि दोन चमचेच एरिथ्रिटॉल, मिळून येते. खजूरही साखरच, हिशेबात धरा. एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के, म्हणून लोक मापाबाहेर घालतात आणि मग पोट बिघडते.

मडगाव :
बिबिंकाच्या (थरांच्या भाजलेल्या गोव्याच्या मिठाईच्या) नादी लागू नका. एरिथ्रिटॉल साखरेसारखे करपून तांबूस होत नाही. थर फिके राहतात, तो खरपूस वासही नाही. त्यापेक्षा साखर पाऊण करा आणि फोड पातळ कापा.

डिचोली :
कोकम सरबत मात्र सोपे. आंबटपणात स्टीव्हियाची कडवट चव झाकली जाते. ग्लासभर पाण्याला दोन चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस), जिरेपूड, स्टीव्हियाचे दोन थेंब. आगळ खारट असते, वर मीठ नको. पाक करून बाटलीत ठेवायचा विचार सोडा: साखर पाणी बांधून ठेवते म्हणून पाक टिकतो, स्टीव्हियाच्या सरबतावर काही दिवसांत बुरशी येते. बर्फाच्या साच्यात गोठवा.

पणजी, आहारतज्ज्ञ :
स्टीव्हियाच्या सॅशेवर पहिला घटक वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असेल तर स्टीव्हिया नावापुरता, आणि ती पूड रक्तातली साखर वाढवते. ॲस्पार्टेम (हाही एक कृत्रिम गोडवा) उकळत्या चहात घालू नका, उष्णतेने गोडी जाते. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना ते वर्ज्य. 'शुगर फ्री' मिठाईत माल्टिटॉल (आणखी एक गोडवा) असेल तर रक्तातली साखर थोडी कमी चढते, पण चढतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्टीव्हिया, ॲस्पार्टेमसारखे गोडवे वापरू नयेत असे सुचवले. मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही. त्याच वर्षी रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना जास्त आढळल्या. कारण तेच, हे सिद्ध झालेले नाही. तरी हृदयरुग्णांनी रोज चमचे भरू नयेत.

काणकोण :
पावसाळ्यात सॅशे फोडलेले ठेवू नका, दगड होतो. आणि झायलिटॉल या गोडव्याची च्युइंगगम कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. त्याची साखर झपाट्याने उतरते, जिवावर बेतते.