मदत हवी आहे: किटोत फॅट भरत नाही, प्रोटीन मात्र उतू जातंय

शीतकडीविना: किटो चालू आहे, म्हणजे भात-पोळी-साखरेतले कार्ब तोडून फॅटवर भर; कार्ब २० ग्रॅमच्या आत. ॲपवर फॅट ७५, प्रोटीन २०, कार्ब ५ टक्के लावलंय. रोज रात्री प्रोटीनचा रकाना लाल आणि फॅट अर्ध्यावर. सकाळी अंडी, दुपारी कोंबडी, रात्री नुस्तं (मासे). वजनाचा काटा हलायचं नाव घेत नाही. जिममधला एकजण म्हणतो, जास्तीच्या प्रोटीनची साखर होते, वरून खोबरेल पी. उद्या म्हापशाचा बाजार, काय आणू तेवढं सांगा. 'गूगल करा'वाल्यांनी पुढे जावं.

पेडणेकरीण: वजन, उंची, वय? बाई की बाप्या? औषधं? नुस्तं कोणतं, तळलेलं की हुमण (कालवण)? हे सगळं गाळून कोण काय सांगणार?

माडावरून: घाण्याचं खोबरेल, अनशापोटी दोन चमचे, काळ्या कॉफीत ढवळून. माझी ढेरी यानेच उतरली. बाकी हिशेब सोडा.

काटेकोर: ढेरी भात सोडल्याने उतरली असेल. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, तेलाला पुण्य लावू नका.

फोंड्याची काकू: नाचणीची आंबील घ्या हो, पोटाला थंड.

काटेकोर: काकू, त्यांचे २० ग्रॅम एका वाडग्यात संपतील.

शीतकडीविना: पुरुष, ४४, ८४ किलो, पाच फूट सहा. औषध विशेष नाही, शुगरची एक गोळी. बांगडा नाहीतर सुंगटं (कोळंबी), रवा लावून. फॅट भरावं म्हणून मधेमधे मूठभर काजू. आता सांगा.

काटेकोर: काजूत शंभराला तीसेक ग्रॅम कार्ब. ३० ग्रॅमची मूठ धरली तरी ८-९ गेले, वर रवा. '२० च्या आत' कागदावरच राहिलं.

आता मूळ प्रश्न. टक्के सोडा, ग्रॅम धरा. तुमच्या उंचीला साधारण ६५ किलो धरून किलोमागे १.२ ते १.५, म्हणजे रोज ८० ते ९५ ग्रॅम प्रोटीन. ते चुकवायचं नाही, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. कार्बची मर्यादा ठरलेली. फॅट भुकेपुरतं. ९० ग्रॅम प्रोटीन, २० कार्ब, ८० फॅट मिळून ११६० कॅलरी होतात, त्यात फॅट ६२ टक्के. ॲप बोंब मारेल, मारू द्या. उरलेलं फॅट पोटावरून जायला हवं, बाटलीतून कशाला ओतता?

माडावरून: मग किटोसिस, म्हणजे कार्बऐवजी चरबीवर चालणं, तुटणार! जास्तीच्या प्रोटीनची साखर होतेच.

काटेकोर: यकृत साखर बनवतं, पण बहुतांशी गरजेप्रमाणे. चार अंडी जास्त झाली म्हणून कारखाना सुटत नाही. फॅट एवढं चढवायची शिस्त अपस्माराच्या पथ्यातली. १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी ते मांडलं. त्याच्या कडक प्रकारात चार भाग फॅटला प्रोटीन आणि कार्ब मिळून एक भाग. तिथे फिट थांबवायची असते, ढेरी उतरवायची नसते.

पेडणेकरीण: हिशेब राहू द्या. शुगरची गोळी 'विशेष नाही'? नाव काय?

शीतकडीविना: डापाग्लिफ्लोझिन. पण त्याचा बांगड्याशी काय संबंध?

पेडणेकरीण: बांगड्याशी नाही, किटोशी आहे. या जातीच्या गोळ्यांवर कार्ब इतके तोडले तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि शुगर मशीनवर फारशी चढलेली दिसत नाही, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप यांतलं काही झालं तर थेट इस्पितळ. गोळी मनाने बंद करू नका, आजच डॉक्टरांना फोन करा.

शीतकडीविना: डॉक्टर सोमवारी भेटतात.

पेडणेकरीण: फोन तर आज लागेल? आणि तोवर दोन वेळा शीत (भात) खा. तेलाची बाटली ठेवून द्या.

दर्याकाठ: म्हापशाला जाताच आहात तर बांगडा काय भाव ते टाका इथे. मासेमारीची बंदी ३१ जुलैला सुटली तरी आमच्याकडे अजून भाव उतरलेला नाही.

माडावरून: तारले घ्या, तेलकट असतात.

फोंड्याची काकू: तारल्यांना तीरफळं घाला, मिरी नको.