विशेषणं खोडल्यावर घड्याळात काय उरतं?

उलटा_लंबक

भाचा नोकरीत कायम झाला आणि त्याच्या डोक्यात "आयुष्यातलं एक घड्याळ" शिरलं. तेव्हापासून रात्री अकरानंतर मला कुठल्या ना कुठल्या स्विस ब्रँडच्या वेबसाइटचं पान येतं आणि खाली प्रश्न: "मामा, यात माल किती आणि मसाला किती?" घड्याळातलं मला फार कळत नाही. पण कारखान्यात मोजमापं तपासण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे कुठलं वाक्य मोजता येतं आणि कुठलं नाही, एवढं कळतं.

माझी पद्धत अडाणी आहे. पान छापून घेतो आणि लाल पेनाने विशेषणं खोडतो. कालातीत, उत्कट, अद्वितीय, वारसा, आत्मा, ध्यास, सगळं बाद. मग उरलेलं वाचतो.

ओमेगाच्या पानावर उरतं ते असं: मेटास या संस्थेची तपासणी, दिवसाला ० ते +५ सेकंद, १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्रातही घड्याळ चालू. रोलेक्सच्या पानावर: दिवसाला उणे-अधिक २ सेकंद, तेही यंत्र केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या डबीत, बसवल्यानंतर. सीओएससी या स्विस तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र म्हणजे नुसतं यंत्र १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासून सरासरी उणे ४ ते अधिक ६. ही वाक्यं खोटी पाडता येतात, म्हणून त्यांना किंमत आहे.

आता पाटेक फिलिपची १९९६ पासूनची ती ओळ: हे घड्याळ तुमचं कधीच नसतं, तुम्ही फक्त पुढच्या पिढीसाठी ते सांभाळता. इथे लाल पेनाला कामच नाही. मालक मी नाही, तर बिल माझ्या नावावर का?

ब्लांपां म्हणतं, १७३५ पासून आम्ही एकही क्वार्ट्झ (बॅटरीवर चालणारं) घड्याळ केलं नाही आणि करणारही नाही. बरोबर आहे. क्वार्ट्झने स्वित्झर्लंडची झोप उडवली तेव्हा हे नाव स्वतःच झोपलेलं होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झां-क्लोद बिव्हर आणि झाक पिगे यांनी ते विकत घेऊन उठवलं. झोपलेला माणूस उपास मोडत नाही, पण त्याला एकादशीचं पुण्य द्यायचं का?

भाच्याला मी कळवलंय: चार पानांत चार ओळी कामाच्या. बाकी रद्दी.

शाई_आणि_सोनं

मी दागिन्यांच्या जाहिराती लिहून पोट भरते, त्यामुळे हा लाल पेन माझ्याच मानेवर आहे असं समजून लिहिते.

काका, वेळ बघायला ही घड्याळं कोणी घेत नाही हो. वेळ मोबाइलवर दिसते, आणि ती ओमेगापेक्षा अचूक असते. तुमच्या कसोटीत शंभरापैकी शंभर मिळवेल ते साधं क्वार्ट्झ. मग भाच्याला तेच घ्या म्हणावं, विषय संपला. तो ते घेणार नाही, कारण त्याला पहिल्या कायम नोकरीची खूण हवी आहे. ती खूण शब्दांतच असते. पाटेकची ओळ घड्याळाबद्दल काही सांगत नाही हे मान्य. ती बापाबद्दल सांगते. पैठणीच्या दुकानात मोर बघून डोळे भरून आलेल्या बाईला तुम्ही दर इंचाला धागे किती ते सांगणार का?

आणि ज्या पाटेकला तुम्ही रद्दीत टाकलंत, त्यांनी २००९ मध्ये जिनिव्हा सील, म्हणजे तिथला दर्जाचा शिक्का, सोडून स्वतःचं सील काढलं. २० मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या यंत्रांना त्यात तेव्हा दिवसाला उणे ३ ते अधिक २ ची मर्यादा ठरवली होती. म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याच्या खिशात आकडाही असतो.

उलटा_लंबक

स्वतःचं सील, स्वतःची परीक्षा, स्वतःच पास. आमच्याकडे याला "घरचा दाखला" म्हणायचे.

दुपारचा_चहा

काका, मग रोलेक्सचे उणे-अधिक २ कोण तपासतं? सीओएससी फक्त यंत्र तपासते. केसमध्ये घातल्यानंतरची तपासणी रोलेक्स स्वतःच करतं, तोही घरचाच दाखला. तुमच्या उदाहरणांत पूर्ण घड्याळ बाहेरच्याच्या देखरेखीखाली तपासलं जातं ते मेटासचं, कारण मेटास ही स्विस सरकारची मापन संस्था आहे. आकडा दिसला की तुमचा पेन थबकतो. आकडा कोणी दिला हे पेनाला दिसत नाही.

उलटा_लंबक

हे लागलं. मान्य. इतकी वर्षं इतरांच्या प्रमाणपत्रांवर सही कोणाची ते बघत आलो आणि इथे विसरलो.

पदर_उलटा

शाईताई, पैठणीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. माझी आई येवल्याच्या दुकानात मोर बघून हरखते आणि लगेच पदर उलटा करते. हातमागाची असेल तर नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, यंत्रावरची असेल तर मागे सुटे धागे लोंबतात. डोळे भरून येणं आणि पदर उलटणं एकाच बाईकडून पाच मिनिटांत होतं.

घड्याळाचा पदर म्हणजे त्याची मागची काच. "हाताने फिनिशिंग" हे शब्द हल्ली सगळेच लिहितात, कारण शेवटी हाताने एक फडकं फिरवलं तरी ते खोटं ठरत नाही. पण यंत्राच्या पट्ट्यांच्या कडा तिरप्या घासून चकचकीत केलेल्या असतात ना, तिथे आतल्या बाजूला वळणारा टोकदार कोपरा शोधा. फिरतं हत्यार आतला कोपरा गोलच सोडतं. तो कोपरा सुरीच्या टोकासारखा असेल तर कोणीतरी तासन्‌तास भिंग लावून बसलेलं आहे. पानावर मोठा, स्वच्छ फोटो असेल तर लेखनाकडे बघायचीही गरज नाही. फोटो मुद्दाम धूसर आणि शब्द फार असतील, तर मी पान बंद करते.

टेबलावरचा_माणूस

मी घड्याळं दुरुस्त करतो, वडीलही तेच करायचे. धागाकर्त्यांचा आकड्यांवरचा विश्वास पाहून गंमत वाटली, कारण आमच्या धंद्यात सगळ्यात मोठ्या थापा आकड्यांतच मारल्या गेल्यात.

ज्वेल्स घ्या. चाकांच्या आसाखाली कृत्रिम माणकाचे खडे असतात, घर्षण कमी व्हावं म्हणून. साध्या चावीच्या घड्याळाला १७ पुरतात. मग एक काळ असा आला की जास्त खडे म्हणजे भारी घड्याळ, अशी गिऱ्हाइकाची समजूत झाली. वॉल्थमने १०० ज्वेल्सचं घड्याळ काढलं. त्यातले १७ कामाचे, बाकी ८३ रोटरला (मनगट हललं की फिरून चावी देणाऱ्या भागाला) भोकं पाडून नुसते बसवलेले. शेवटी १९७४ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेला १११२ क्रमांकाचं मानक आणावं लागलं, की जे खडे काम करतात तेच मोजा. तुमच्या लाल पेनाने त्या "१००" ला हात लावला नसता.

दुसरा आकडा ३० मीटर. माझ्याकडे दर पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरलेली घड्याळं येतात. मालक म्हणतो, अहो ३० मीटर लिहिलंय, मी तर फक्त पोहायला गेलो. तो ३० मीटरएवढा दाब प्रयोगशाळेतला आहे, नव्या गॅस्केटवरचा (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावरचा). आयएसओ २२८१० मध्ये नमुन्यादाखल काही घड्याळं तपासतात. डायव्हर्सचं मानक, ६४२५, असेल तर प्रत्येक घड्याळ दाबाखाली घालतात. पानावर कुठलं मानक लिहिलंय ते बघा, मीटर नंतर.

आणि "इन-हाउस", म्हणजे यंत्र कंपनीने स्वतःच बनवलेलं. २००९ च्या अखेरीस टॅग हॉयरने कॅलिबर १८८७ घरचं यंत्र म्हणून गाजवलं. जाणकारांनी नकाशा ओळखला, आणि त्याचे हक्क जपानच्या सेकोकडून घेतल्याचं कंपनीला सांगावं लागलं. खरं सांगू? यंत्र उत्तम आहे. आधीच सांगितलं असतं तर कोणी बोट ठेवलं नसतं. माझ्या टेबलावर बाहेरून घेतलेलं, ईटीए या यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीचं साधं मशीन आलं की मला बरं वाटतं, कारण ते माझ्या ओळखीचं असतं. "घरचं" मशीन बिघडलं की सुटा भाग मिळायची मारामार, आणि गिऱ्हाईक परत कंपनीच्या दारात.

नावात_बरंच_काही

मी थोडी ब्रँडवाल्यांची बाजू घेतो. फुगलेलं नाव म्हणजे फुगलेला माल, हेही खरं नाही. हुब्लोचं "मॅजिक गोल्ड" ऐकून मी हसलो होतो, सर्कशीतल्या जादूगाराचं नाव वाटतं. पण आत बघितलं तर सच्छिद्र सिरॅमिकमध्ये वितळलेलं सोनं दाबाखाली भरून केलेलं १८ कॅरटचं मिश्रण निघालं, कडकपणा सुमारे १००० व्हिकर्स. रोजच्या वापराने ओरखडत नाही. लोझानच्या तंत्रविद्यापीठाबरोबर केलेलं काम आहे.

उलट रोलेक्सचं "ऑयस्टरस्टील" भारदस्त वाटतं. ते ९०४एल जातीचं पोलाद. गंजाला जास्त दाद देत नाही हे खरं, पण ही जात रसायन उद्योगातही वापरतात. नाव मात्र असं, की जणू रोलेक्सच्याच खाणीतून निघतं.

चीजकापे

यात स्विस मेड राहिलंच. २०१७ पासूनचा नियम असा की उत्पादनखर्चाच्या किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झाला पाहिजे. टक्के खर्चाचे आहेत, भागांचे नाहीत. तिथली मजुरी महाग, त्यामुळे नुसत्या जुळणीनेही बरेचसे टक्के चढतात. हे हास्यास्पद आहे असं एका स्विस कंपनीलाच वाटलं. एच. मोझरने त्याच वर्षी व्हाशरॅं मों-दोर चीजपासून घड्याळाची केस बनवली, स्विस गाईच्या कातडीचा पट्टा लावला आणि त्याला "स्विस मॅड" नाव दिलं. मग आपल्या डायलवरून स्विस मेड काढूनच टाकलं. आता ही टीका की जाहिरात, हे शाईताईंनी सांगावं.

शाई_आणि_सोनं

दोन्ही! आणि अशी जाहिरात मला सुचली नाही याचं दुःख आहे.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. याच वेबसाइटींवर गोष्ट आणि माल एकाच ओळीत असतो, आणि तो लाल पेन दोन्ही मारतो. जेजे-लकूल्त्रचं रिव्हर्सो घ्या. त्यांच्या पानावर भारतातला पोलो येतोच. इथले ब्रिटिश अधिकारी पोलो खेळताना घड्याळाच्या काचा फोडायचे, म्हणून घड्याळांचे व्यापारी सेझार द त्रे यांच्याकडे गाऱ्हाणं आलं आणि मार्च १९३१ मध्ये पॅरिसला पेटंट दाखल झालं: डबी खोबणीत सरकवून पालथी करायची, काच मनगटाकडे, पोलाद बाहेर. ही कथा काढून टाका, मग ते घड्याळ पालथं का होतं हेच कळणार नाही.

पदर_उलटा

त्या ओळीला माझा पेन लागणार नाही. त्यात "म्हणून" आहे. फुगवलेल्या लेखनात "आणि" खूप असतात, "म्हणून" सापडत नाही. (अवांतर: जेजे नाही, जेगर-लकूल्त्र.)

दुपारचा_चहा

"म्हणून" असलेल्या ओळीनेही फसवता येतं. रोलेक्सच्या इतिहासात मर्सिडीज ग्लाइट्झ भेटते. १९२७ साली ऑयस्टर घालून इंग्लिश खाडी ओलांडली, घड्याळ चालूच राहिलं, म्हणून जलरोधक. आता तारखा बघा. ती खाडी पार करून गेली ७ ऑक्टोबरला, तेव्हा घड्याळ नव्हतं. दुसऱ्या एका बाईचा खोटा दावा उघड झाला आणि हिच्यावरही संशय आला, म्हणून २१ ऑक्टोबरला ती पुन्हा उतरली. त्या वेळी ऑयस्टर गळ्यात होतं. पाणी इतकं गार होतं की दहा तासांनंतर तिला किनाऱ्याअलीकडेच बाहेर काढावं लागलं. नोव्हेंबरमध्ये डेली मेलच्या पहिल्या पानावर जाहिरात झळकली.

पोहणं झालं, घड्याळ होतं, दोन्ही खरं. पण ज्या खेपेला खाडी पार झाली त्या खेपेला घड्याळ नव्हतं. यात खोडायला एकही विशेषण नाही.

टेबलावरचा_माणूस

पण दहा तास खाऱ्या गार पाण्यात राहून १९२७ सालचं घड्याळ चाललं, हे किनाऱ्याला लागण्यापेक्षा मोठं आहे हो. माझ्यासारख्याला तेवढंच पुरे होतं. त्यांनी उगाच किनारा जोडला.

उलटा_लंबक

रात्रभर विचार केला. पेन बाजूला ठेवला नाही, पण आता समासात दोन प्रश्न लिहितो: तपासलं कोणी, आणि "म्हणून" कुठे आहे.

भाच्याला मात्र वेगळं सांगणार होतो. माझ्या वडिलांचं एचएमटी जनता कपाटात आहे. त्याच्या डायलवर काय? नाव, १७ ज्वेल्स, पॅरा शॉक. बस. याला म्हणतात लेखन. एक शब्द फुकट नाही.

टेबलावरचा_माणूस

काका, रागावू नका. पॅरा शॉक हे ब्रँडचंच नाव आहे. एचएमटीने घड्याळं जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू केली, त्यांच्याकडून ते आलं. बॅलन्सच्या (आत मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या) आसाला धक्का बसू नये म्हणून खड्यामागे बारीक स्प्रिंग असते, ती सगळेच बसवतात, ज्याचं त्याचं नाव वेगळं.

फक्त, सिटिझनने १९५६ मध्ये ती घड्याळं लोकांसमोर हेलिकॉप्टरमधून खाली टाकून दाखवली होती.

वडिलांचं घड्याळ चावी न देता किती वर्षं पडून आहे? जोर करून फिरवू नका, आतलं तेल सुकलं असेल. आधी आणून दाखवा.